मल्टिपल ॲक्सेस शिकायला बसलास, तर आधी हे कर

मल्टिपल ॲक्सेस म्हणजे अनेक फोननी एकच रेडिओ माध्यम वाटून घेणं. एफडीएमए (फ्रिक्वेन्सी वाटून), टीडीएमए (वेळ वाटून), सीडीएमए (कोड वाटून), ओएफडीएमए (फ्रिक्वेन्सीच्या बारीक पट्ट्या वाटून) यांच्या व्याख्या पाठ करून परीक्षा निघेल, पण विषय हाती लागणार नाही. प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचार: एकाचा सिग्नल दुसऱ्यापासून वेगळा राहतो कशामुळे?

सुरुवात जीएसएमपासून, म्हणजे टूजी मोबाइलच्या पद्धतीपासून कर. 200 किलोहर्ट्झचा एक कॅरियर (फ्रिक्वेन्सीची पट्टी), त्यावर 8 टाइम स्लॉट (वेळेचे तुकडे), प्रत्येक सुमारे 577 मायक्रोसेकंदांचा. आता वही घे. खानापूरच्या जंगलपट्ट्यात फोन टॉवरपासून 30 किलोमीटरवर आहे असं धर. सिग्नलला जाऊन यायला 200 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे फोनचं बोलणं शेजारच्या स्लॉटमध्ये घुसणार! म्हणून टॉवर त्याला तेवढं आधी पाठवायला सांगतो. यालाच टायमिंग ॲडव्हान्स म्हणतात. त्याची मर्यादा 63 पायऱ्यांची, त्यामुळे साधा जीएसएम सेल (एका टॉवरचं क्षेत्र) साधारण 35 किलोमीटरपर्यंतच पोचतो. हे गणित स्वतः सोडवच.

सीडीएमएत सगळे एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात, फक्त कोड वेगळे. इथे खरी अडचण पॉवरची. बेळगावच्या विसर्जन मिरवणुकीत ढोलाशेजारी उभं राहिल्यावर लांबून मारलेली हाक ऐकू येत नाही, तसा जवळचा फोन लांबच्याला दाबून टाकतो. म्हणून आयएस-95 या सीडीएमएच्या जुन्या मोबाइल मानकात सेकंदाला 800 वेळा फोनची पॉवर जुळवत. कोडची कोष्टकं नंतर बघ, हे आधी समजून घे.

फोरजीतलं ओएफडीएमए शेवटी घे. 15 किलोहर्ट्झचे 12 सबकॅरियर (बारीक पट्ट्या) मिळून एक रिसोर्स ब्लॉक, म्हणजे वाटपाचं एकक. अपलिंकला (फोनकडून टॉवरकडे) मात्र एससी-एफडीएमए, म्हणजे एकाच कॅरियरसारखा सिग्नल देणारं त्याचं रूप, कारण फोनच्या ॲम्प्लिफायरवर ताण कमी पडतो आणि बॅटरी वाचते.