आठ महिने आणि एक ग्लास वाईन

पत्र: मिस्टर सातपूरला कारखान्यात आहेत. रोजची क्वार्टर होती. व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यापासून आठ महिने थेंब नाही. परवा गंगापूर रोडला लग्नात ग्लासभर वाईन घेतली, रात्री स्वतःच सांगितलं. दीर म्हणतात, ‘झालं, पुन्हा शून्य.’ सासूबाई म्हणतात, ‘वाईन म्हणजे काय दारू?’ माणूस बरा झाला असं कधी म्हणायचं? आणि दारू सोडायच्या उरलेल्या गोळ्या नकळत भाजीत घालू का?

ताई, आधी गोळीचं. घालू नका. ती डायसल्फिराम असेल, तर शेवटच्या घोटानंतर निदान १२ तास जाऊ द्यावे लागतात आणि गोळी बंद केल्यावरही १४ दिवसांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो. नकळत दिली आणि ते बाहेर प्यायले, तर उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली. जीवावर बेतू शकतं. गोळी घ्यायची तर त्यांना सांगून, लिव्हरची तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

सासूबाईंना हिशेब सांगा. १२ टक्क्यांच्या १५० मिली वाईनमध्ये १८ मिली अल्कोहोल असतं, ३० मिली व्हिस्कीत साधारण १३. नाशिकला वाईनचं कौतुक आहे, असू दे. लिव्हरला द्राक्षं ओळखता येत नाहीत.

आता दीर. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट. त्याच्या मोजणीत त्यांचं बरोबर आहे, तारीख नव्याने सुरू होते. मानसोपचारतज्ज्ञांची मोजणी निराळी. २०१३च्या डीएसएम-५मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात, व्यसनाची ११ लक्षणं आहेत. ठरवल्यापेक्षा जास्त पिणं, पिण्यापायी कामाचा खोळंबा, सोडल्यावर हात थरथरणं, अशी. तलफ सोडून त्यातलं एकही लक्षण तीन महिने नसेल तर सुरुवातीची सुधारणा, १२ महिने नसेल तर टिकलेली. म्हणजे तलफ येणं हे हरणं नव्हे, आणि एका ग्लासाने आठ महिने पुसले जात नाहीत. पण तो ग्लास किरकोळही नाही. ‘एक पचला’ असं वाटलं की दुसरा येतो, आणि घसरण बहुतेक तिथूनच सुरू होते.

नुसती बाटली सुटणं म्हणजे बरं होणं नाही. दारू बंद, पण चिडचिड, लपवाछपवी, पगार कुठे गेला ते कळत नाही, असा माणूस कोरडा असतो, बरा नव्हे. झोप, कामावरची हजेरी, उधारी फेडणं, न पिणारे दोन मित्र, मुलांशी बोलणं, हे परत येतंय का बघा. आणि खरं सांगणं. ते त्यांनी केलं. त्यावर भांडलात, तर पुढच्या वेळी सांगणार नाहीत.

या आठवड्यात केंद्राचा फॉलोअप किंवा एएची मीटिंग चुकवू नका. रोजचं पिणं पुन्हा सुरू झालंच, तर घरी एकदम बंद करायला लावू नका: पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम. ते दवाखान्याचं काम. तुमच्यासाठी अल-अनॉन हा गट आहे, तिथे पिणाऱ्यांच्या घरचेच लोक असतात. फोनवर बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६.

पुढच्या लग्नाला जेवून निघा, हातात आधीच सोडा धरू द्या, आणि परतीची गाडी तुमच्या हातात ठेवा.