वाचक विचारतात, ताई सांगतात

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझी आई गेल्या भाद्रपदात गेली. वर्षश्राद्धाला तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढून नातेवाइकांना द्यावी, असं नातवंडांच्या मनात आहे. भाच्याने मजकूर लिहून आणला : ‘त्यागमूर्ती, अन्नपूर्णा, वात्सल्यसिंधू.’ वाचून मला काहीच वाटलं नाही, याचंच वाईट वाटलं. खरं सांगायचं तर आई तापट होती. दुधात पाणी आहे म्हणून तिने एकदा दूधवाल्यासमोर अख्खी चरवी अंगणात उपडी केली होती. भाऊ म्हणतो, असलं काही छापायचं नाही. पण मग छापायचं काय? लग्न होऊन ती इंदूरला आली आणि जन्मभर संसार केला, एवढंच. तिच्या ट्रंकेत हिशेबाच्या आणि पाककृतींच्या वह्या आहेत. ‘दोन छटाक तूप’, ‘साडेपाच आणे’ असलं काहीबाही लिहिलेलं. त्यांचा काही उपयोग होईल का, की रद्दीत द्यायच्या?
— एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : रद्दीवाला दारात उभा असेल तर आधी त्याला वाटेला लावा, मग पुढचं वाचा.

तुमच्या भाच्याची चूक नाही. आपल्याकडे माणूस गेलं की ही विशेषणं तयारच असतात, लग्नपत्रिकेतल्या गणपतीसारखी. त्याचा मजकूर घ्या आणि आईच्या जागी शेजारच्या काकूंचं नाव घालून वाचा. जी ओळ तशीच चालून जाते ती खोडा. बहुतेक सगळंच जाईल. चरवी मात्र राहील. तुमच्या सबंध पत्रात मला तुमची आई दिसली ती त्या एका वाक्यात, आणि तेच भाऊ काढायला निघालेत.

आता वह्यांकडे वळू. ‘एवढंच’ म्हणालात ना, ते सगळं त्यांत आहे. साडेपाच आणे म्हणजे ते पान जुनं. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यानंतरही लोक पन्नास पैशांना आठ आणे आणि पंचवीसला चार आणे म्हणत राहिले, त्यामुळे ‘आठ आणे’ दिसलं म्हणून वर्ष ठरवू नका. साडेपाच आण्यांचा हिशेब मात्र नव्या नाण्यांत कोणी करत बसलं नसतं. जिथे ‘न. पै.’, म्हणजे नवे पैसे, लिहिलेलं सापडेल ती पानं साधारण १९५७ ते १९६४मधली, कारण १९६४मध्ये ‘नवे’ गेलं आणि नुसते पैसे राहिले. छटाकाचंही तसंच. सोळा छटाकांचा शेर, शेर म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, तेव्हा छटाक झाला ५८ ग्रॅमच्या आसपास. किलोची वजनं १९६२मध्ये सक्तीची झाली. बायका मात्र पुढेही कित्येक वर्षं शेर-पावशेरच बोलत, म्हणून पाककृतीवरून नाही, वाण्याच्या हिशेबावरून काळ धरा. नवी सून म्हणून घरात आल्यावर पहिला हिशेब तिच्या हातात कधी आला, हे अशाने कळेल. ती तिच्या चरित्रातली मोठी घटना आहे, महाराज! आमच्या रामबागेतल्या वाड्यात तर किल्ल्या आणि हिशेबाची वही सुनेकडे येईपर्यंत तिचे केस पांढरे व्हायचे.

मग दुधाचं पान शोधा. चरवी उपडी केली त्या महिन्यात तिने दूधवाल्याला पैसे कापून दिले की पुरते दिले? पुढच्या महिन्यात तोच दूधवाला होता की दुसरा? मला उत्तर माहीत नाही, पण जे निघेल ते छापण्यासारखं असेल, एवढं खात्रीने सांगते. तापट होती असं नुसतं लिहू नका. तो प्रसंग लिहा. राग कशाचा होता, तो आपोआप कळतो.

पाककृती छापणार असाल तर एक करा. ‘एक वाटी’ लिहिलंय ती वाटी कोणती, ते घरात शोधा. काठाला चेमटलेली, तळाशी नाव कोरलेली, असली एखादी असेलच. तिच्यात पाणी भरून मोजा आणि किती मिलिलीटर ते छापा. नाहीतर पुण्यातली नातसून स्वतःची वाटी घेईल, करंज्यांचं सारण उरेल आणि बोल आजीला लागेल.

वह्यांना लॅमिनेशन करू नका. एकदा केलं की ते निघत नाही, आणि उष्णतेनं कागद खराब होतो तो वेगळाच. फाटलेल्या पानाला चिकटपट्टीही नको, काही वर्षांत तिचा पिवळा डाग पडतो. खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता मोबाइलवर फोटो काढा.

आईच्या पिढीतलं कोण आहे अजून? मावशी, आत्या, कोणी जाऊबाई? त्यांच्याकडे या महिन्यातच जा, जुने फोटो घेऊन जा. साल विचारू नका, म्हातारं माणूस त्यानं गोंधळतं आणि गप्प होतं. ‘मध्य भारत होता तेव्हाची गोष्ट का?’ असं विचारा, म्हणजे १९५६च्या आधीची की नंतरची ते कळेल, कारण त्या वर्षी आपलं मध्य भारत राज्य मध्य प्रदेशात विलीन झालं. ‘नर्मदा आल्यावर की आधी?’ असं विचारा. १९७८मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदेचं पाणी इंदुरात आलं. त्याआधी पाण्यासाठी कोण किती वाजता उठायचं, हे त्या पिढीतली कोणतीही बाई झोपेतून उठवलं तरी सांगेल. ‘अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या बघायला रात्रभर कुठे उभ्या राहायचात?’ हा आणखी एक हुकमी प्रश्न; झांक्या म्हणजे कापड गिरण्यांचे सजवलेले चित्ररथ. पाण्यावरून आणि झांक्यांवरून बोलणं सुरू झालं की माणसं आपसूक येतात.

नातवंडांनाही ‘आजी कशी होती’ विचारू नका. प्रेमळ होती म्हणतील आणि फोन ठेवतील. ‘आजी तुला कशावरून रागवायची?’ विचारा. परदेशातल्या नातवाकडून आवाजात पाठवून घ्या, टंकायला सांगाल तर त्याची मराठी चार ओळींत दमेल.

तिचं बोलणं जसंच्या तसं ठेवा. आपण इंदूरवाले ‘काय करून राहिली गं?’ म्हणतो, घोसाळ्याला गिलकी म्हणतो आणि पोह्यांवर जीरावन मसाला घेतल्याशिवाय आपली सकाळ होत नाही. पुस्तिका पुण्याला जाणार म्हणून ते दुरुस्त केलंत, तर बोलणारी बाई दुसरीच होईल.

भावाशी भांडू नका. दुधाच्या हिशेबाचं पान त्यांच्या हातात द्या आणि चरवीचा प्रसंग त्यांनाच लिहायला सांगा. मुलगे आईच्या रागाबद्दल हळवे असतात, पण एकदा लिहायला बसले की तेच जास्त रंगवून लिहितात.

पानं चारच्या पटीत ठेवा, नाहीतर शेवटी कोरी पानं उरतात. बत्तीस पुष्कळ झाली. आणि मजकूर आषाढातच छापखान्यात द्या. पुढे गणपतीची पावतीपुस्तकं आणि दिवाळी अंक सुरू झाले की तुमचं काम कोणी हातात घेणार नाही.