वाचकांचे प्रश्न : किशोर वाचनालयाकडे कसे वळतील?

प्रश्न : नागपुरातील आमच्या सार्वजनिक वाचनालयात गोष्टींच्या तासाला लहान मुले गर्दी करतात; मात्र आठवी-नववीची मुले फिरकतही नाहीत. काय करावे?

उत्तर : ज्या सतरंजीवर पहिलीतली मुले बसतात, तिथेच चौदा वर्षांच्या मुलाला बसवले, तर तो पुन्हा येणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकतही नाही. किशोरांचा वार वेगळा ठेवावा, नव्या पुस्तकांची खरेदीयादी त्यांच्याकडूनच करवून घ्यावी व त्यात चित्रकथा आल्या, तरी नाक मुरडू नये. विदर्भातील शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडत असल्याने सुट्टीत भरपूर वाव मिळतो. फक्त मे महिन्यातील कार्यक्रम सकाळी दहाच्या आत आटोपावेत, कारण भर उन्हात पालक मुलांना घराबाहेर सोडणार नाहीत.