वाचकांचे प्रश्न : ट्रोलिंग मोटरला स्वतंत्र बॅटरी

प्रश्न : आम्ही सोळा फुटी ॲल्युमिनियमची एक जुनी बोट घेतली आहे. मागे ४० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे. पुढे नाळेपाशी मी १२ व्होल्टची, ५५ पौंड थ्रस्टची (ढकलण्याच्या जोराची) ट्रोलिंग मोटर, म्हणजे मासे धरताना बोट हळू चालवणारी विजेवरची छोटी मोटर, बसवली आणि ती १० गेजच्या (जाडीच्या) तारेने इंजिनाच्याच बॅटरीला जोडली. मिनेसोटातील मिल लॅक्स तलावावर वॉलाय मासा धरण्यासाठी दुपारभर मोटर चालवली, तर संध्याकाळी इंजिन सुरूच होईना. वारा वाढला होता. शेवटी दुसऱ्या बोटीने आम्हाला धक्क्यापर्यंत ओढत आणले. मोटरचा प्लगही हाताला गरम लागतो. दुकानदार म्हणतो, आहे त्या बॅटरीला आणखी एक समांतर जोडा. मित्र म्हणतो, दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट करा. काय करावे?
— एक वाचक, मिनियापोलिस

उत्तर : या दोन्ही सूचना आपल्या बोटीला लागू पडत नाहीत. इंजिन सुरू करणारी बॅटरी पूर्णपणे वेगळी ठेवावी आणि ट्रोलिंग मोटरसाठी डीप सायकल प्रकारच्या दोन बॅटऱ्या स्वतंत्रपणे बसवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. मिल लॅक्स हा विस्ताराने प्रचंड पण उथळ तलाव आहे. वारा सुटला की तेथे थोड्याच वेळात उंच आणि जवळजवळ येणाऱ्या लाटा उठतात. अशा वेळी इंजिन सुरू न होणे ही निव्वळ गैरसोय नसते, त्यात जिवाला धोका असतो.

इंजिनाच्या बॅटरीत पातळ पण पुष्कळ पट्ट्या असतात, कारण तिला काही सेकंदच, पण फार मोठा प्रवाह द्यायचा असतो आणि तेवढी घट इंजिनावरचे वीज बनवणारे यंत्र (अल्टरनेटर) लगेच भरून काढते. डीप सायकल बॅटरीतील पट्ट्या जाड असतात, त्यामुळे तासन् तास मध्यम प्रवाह देऊन ती बरीच रिकामी झाली तरी पुन्हा पुन्हा भरता येते. पातळ पट्ट्यांच्या बॅटरीकडून हे काम करून घेतले, तर ती त्या दिवशी दगा देतेच, शिवाय काही आठवड्यांत कायमची निकामी होऊ शकते. आपल्याकडची बॅटरी तपासून घ्या. बहुधा ती बदलावी लागेल. (आपल्या शेजारच्या नॉर्थ डकोटा राज्यात, फार्गो येथे, ओ. जी. श्मिट यांनी १९३४ साली फोर्ड मॉडेल ए गाडीच्या स्टार्टरपासूनच विजेवरची पहिली ट्रोलिंग मोटर तयार केली. यंत्राचे मूळ एक असले, तरी त्याच्याकडून घ्यायचे काम तेव्हाच बदलले होते.)

दुकानदाराच्या सल्ल्यात अडचण अशी की समांतर जोडलेल्या बॅटऱ्या एकत्रच रिकाम्या होतात. दोन जोडा की चार, दिवसअखेर इंजिनासाठी राखीव असे काहीच उरत नाही. शिवाय जुनी आणि नवी, पातळ पट्ट्यांची आणि जाड पट्ट्यांची अशी जोडी केली, की कमजोर बॅटरी चांगलीलाही खाली ओढते. मित्राचा सल्ला तर आपल्या मोटरसाठी घातक आहे. एकसर जोडणीत व्होल्टेज दुप्पट होते, आणि केवळ १२ व्होल्टसाठी बनवलेल्या मोटरला २४ व्होल्ट दिले तर ती जळेल. पुढे कधी ८० पौंडांची २४ व्होल्टची मोटर घेतलीत, तर याच दोन बॅटऱ्या एकसर जोडता येतील. बोटीच्या भरल्या वजनाच्या दर १०० पौंडांमागे किमान २ पौंड थ्रस्ट असावा, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. माणसे, इंजिन आणि इंधन धरून आपली बोट १८०० पौंडांची मानली, तरी ३६ पौंड पुरतात. म्हणजे सध्याच्या मोटरने काम भागते, फक्त जोरदार वाऱ्यात ती थोडी कमी पडेल.

ट्रोलिंग मोटरच्या दोन्ही बॅटऱ्या एकाच क्षमतेच्या, एकाच जातीच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. त्या दोघीच आपसात समांतर जोडताना मोटरची धन तार एका बॅटरीवरून आणि ऋण तार दुसरीवरून घ्यावी, म्हणजे भार दोघींवर सारखा पडतो. आपली मोटर पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर घेते. १०० अँपिअर-तासांची (म्हणजे ५ अँपिअर प्रवाह २० तास देऊ शकेल अशी) शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, आणि तिच्यावरचा आकडाही सहसा २० तास सावकाश वापरण्याच्या हिशेबाने दिलेला असतो, वेगाने वापरल्यास तेवढा मिळत नाही. म्हणून पूर्ण वेगात एक बॅटरी तासभरही पुरणार नाही; मात्र १२ अँपिअरच्या संथ चालीत दोन बॅटऱ्या जवळजवळ आठ तास साथ देतील.

आता गरम होणाऱ्या प्लगविषयी, कारण माझ्या मते ही तक्रार आपल्याला वाटते त्याहून गंभीर आहे. बॅटरीपासून नाळेपर्यंत १५ फूट आणि परत १५ फूट, अशा ३० फुटांत १० गेजची तार ५० अँपिअरला सुमारे दीड व्होल्ट खाते. म्हणजे मोटरपर्यंत पोहोचण्याआधीच आठवा हिस्सा वीज उष्णतेत जाते. ६ गेजच्या, म्हणजे अधिक जाड, तारेत हीच घट सुमारे ०.६ व्होल्टवर येते. कथिलाचा मुलामा दिलेली, बोटीसाठीची तांब्याची तार घ्यावी, प्लगही तेवढ्या प्रवाहाचा असावा आणि धन तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ ६० अँपिअरचा सर्किट ब्रेकर बसवावा. पंख्यात पाणवनस्पती गुंतून मोटर अडली की प्रवाह एकदम वाढतो. ब्रेकर नसेल तर त्या वेळी तारच पेट घेऊ शकते. ॲल्युमिनियमच्या सांगाड्याचा ऋण तारेसारखा वापर मुळीच करू नये, कारण भरकटलेल्या प्रवाहाने धातू गंजून त्याला भोके पडतात.

मासे दाखवणारे यंत्र ट्रोलिंगच्या बॅटरीवर लावू नये, पडद्यावर मोटरच्या व्यत्ययाच्या रेघा उमटतात. ते इंजिनाच्या बॅटरीवर किंवा वेगळ्या छोट्या बॅटरीवर चालवावे. घरी आल्यावर भरण्यासाठी तीन स्वतंत्र शाखांचा (प्रत्येक बॅटरीला एक) चार्जर बोटीतच बसवून घ्यावा. भरताना शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून बॅटरीच्या खणाचे झाकण उघडे आणि हवा खेळती हवी.

प्रश्न : याच कामासाठी लिथियम बॅटरी घ्यावी का? आणि हिवाळ्यात बॅटऱ्या कोठे ठेवाव्यात?
— एक वाचक, विस्कॉन्सिन

उत्तर : पैसे परवडत असतील तर जरूर घ्यावी. १०० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १२ ते १४ किलोची असते, शिशाची २७ ते ३० किलोची. लहान बोटीत हा फरक लगेच जाणवतो. तिची बहुतेक सगळी क्षमता वापरता येते आणि शेवटपर्यंत मोटरचा जोर टिकतो. मात्र चार्जर लिथियमला चालणारा हवा, आणि ० अंश सेल्सिअसखाली ती भरू नये, कारण त्या थंडीत आतील पट्ट्यांवर लिथियम धातू साचून बॅटरीचे कायमचे नुकसान होते. हिवाळ्यात ती अर्धवट भरलेली, तारा सोडवून, घरात ठेवावी.

शिशाच्या बॅटरीचा नियम याच्या उलट आहे. ती पूर्ण भरूनच ठेवावी. भरलेल्या बॅटरीतील द्रव उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण रिकामी बॅटरी उणे ७ अंशांच्या आसपासच गोठून फुटते. आपल्याकडच्या जानेवारीत बोट उघड्यावर किंवा शेडमध्ये राहणार असेल, तर नोव्हेंबरातच बॅटऱ्या उतरवून भरून घ्याव्यात आणि हिवाळाभर अधूनमधून व्होल्टेज पाहावे, ते १२.४ च्या खाली आले की पुन्हा भरावे.