उन्हाळ्याच्या अखेरीस बागेत नेमकी कोणती कामे उरकून घ्यावीत?

अंगण आणि गच्ची असलेल्या पुण्यातील घरात तुम्ही नुकतेच राहायला आला आहात, मे महिना संपत आला आहे, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी बागेत काय काय करून घ्यावे, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यातच गेली सतरा-अठरा वर्षे जेमतेम दोन गुंठ्यांचे अंगण आणि वरची गच्ची सांभाळतो आहे, त्या अनुभवावरून लिहितो. हे दिवस नवीन झाडे लावण्याचे किंवा असलेल्यांना भरपूर खत घालण्याचे नाहीत. आहेत ती झाडे पावसापर्यंत जगवायची आणि पाण्याची वाट मोकळी करून ठेवायची, एवढ्यापुरतीच कामे हाती घ्यावीत, असे माझे मत आहे.

सर्वांत मोठी चूक वळवाच्या पहिल्या सरीनंतर होते. एका वर्षी मे महिन्याच्या मध्यावर जोराचा वळीव झाला, मातीचा वास सुटला, आणि मी उत्साहाने हिरवी शेडनेट काढून टाकली, दहा-बारा कुंड्यांतील झाडे मोठ्या कुंड्यांत हलवली व वांग्या-मिरचीची रोपेही वाफ्यात लावली. त्यानंतर पुन्हा ऊन चढले आणि पंधरा दिवस थेंब पडला नाही. त्यात बहुतेक सगळी रोपे आणि दोन जास्वंदी गेल्या. वळवाने वरची दोन-तीन बोटे माती भिजते, खाली ती कोरडीच असते. खुरप्याने वीतभर उकरून पाहिल्याशिवाय पाऊस झाला असे समजू नये. मोसमी पाऊस पुण्यात साधारणपणे 10 जूनच्या सुमारास पोहोचतो, म्हणजे मृग नक्षत्र लागल्यानंतर दोन-तीन दिवसांनी. तोपर्यंत शेडनेट राहू द्यावी आणि पाणी नेहमीप्रमाणे सकाळी लवकर द्यावे. दुपारी पाने माना टाकताना दिसली तरी घाईने पाणी घालू नये. संध्याकाळी ती आपोआप सावरली, तर मुळांशी ओल आहे असे समजावे.

आता कुंड्यांकडे वळू, कारण गच्चीवरची निम्मी झाडे उन्हाने नव्हे तर पावसाळ्यात मुळे कुजून मरतात आणि त्याची तजवीज आत्ताच करावी लागते. प्रत्येक कुंडी कलती करून तळाचे भोक मोकळे आहे का ते पाहावे; मुळांनी किंवा मातीने ते बुजलेले असेल, तर काडीने खालून मोकळे करावे. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवाव्यात, नाहीतर जुलैत त्यांत डासांची पैदास होईल, आणि कुंड्या दोन विटांवर उचलून ठेवाव्यात. गच्चीच्या पन्हाळीचे तोंड साफ करणे हे खरे तर बागकाम नव्हे, पण कुंड्यांतून वाहून आलेला गाळ तिथेच साठतो, म्हणून तेही आपल्याच खात्यात धरावे.

रिकाम्या कुंड्यांतील जुनी माती फेकून देऊ नये. ती गच्चीवर चार बोटे जाडीने पसरून आठ-दहा दिवस रोज उलटीपालटी करावी. कडक उन्हाने तिच्यातील बुरशी, अळ्या आणि तणाचे बी बऱ्याच अंशी मरते. पुण्याची काळी माती असेल, तर ती पाणी धरून ठेवते आणि पावसात चिखल होते, म्हणून तापवलेल्या मातीत निम्म्याच्या आसपास कोकोपीट किंवा भाताचे तूस व चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. शेणखत कच्चे नको. त्यातून हुमणीची अळी येते. पांढरी, जाड आणि अर्धवर्तुळाकार वळलेली ही अळी मुळे कुरतडते, आणि ती आहे हे झाड पिवळे पडल्यावरच कळते. पहिल्या चांगल्या वळवानंतर हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी सातनंतर जमिनीतून बाहेर येऊन कडुलिंबावर किंवा बाभळीवर गोळा होतात; जवळपास असे झाड असल्यास फांदी हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकण्याचा जुना उपाय आजही उपयोगी पडतो.

अंगणात आंबा, पेरू किंवा लिंबू लावायचा विचार असेल, तर खड्डा मात्र लगेच खणावा. पेरू व लिंबासाठी दोन फूट लांब, रुंद आणि खोल, तर आंब्यासाठी सुमारे तीन फुटांचा खड्डा पुरतो. तो दोन आठवडे उन्हात उघडा ठेवून मग माती, शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून भरावा, व दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावरच कलम लावावे. आले, हळद आणि अळू यांचे कंद मात्र आत्ताच लावता येतात. वांगी, मिरची व टोमॅटोचे बी सावलीतल्या ट्रेमध्ये आता पेरले, तर पावसाच्या तोंडावर रोपे तयार होतात. कारली, दोडका आणि दुधी यांच्यासाठी आता केवळ मांडव उभारून ठेवावा आणि बी जूनमध्येच टोकावे.

छाटणीबाबत थोडा संयम ठेवावा. मोगरा फुलांवर असतो, त्याला हात लावू नये. गुलाबाची मुख्य छाटणी ऑक्टोबरातली, आता फक्त वाळलेल्या फांद्या काढाव्यात. शेवग्याच्या शेंगा संपल्या असतील, तर तो तीन-चार फुटांवर छाटावा, कारण त्याचे लाकूड ठिसूळ असते आणि पावसाळी वाऱ्यात फांद्या सहज मोडतात. अंगणातील मोठ्या झाडांच्या फांद्या मात्र महानगरपालिकेची परवानगी न घेता तोडू नयेत. यासाठी 1975 सालचा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आणि पानांखाली लाल कोळी याच दिवसांत वाढतात. कोळ्यांसाठी पानांच्या खालून रोज पाण्याचा फवारा मारला तरी पुष्कळदा भागते. पिठ्यासाठी लिटरभर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडासा साबण मिसळून सायंकाळी फवारावे, भर उन्हात फवारल्यास पाने करपतात.

शेवटी सुक्या पाल्याविषयी. तो आता अंगणात ढिगाने पडतो आणि बहुतेक लोक तो जाळतात किंवा कचऱ्याच्या गाडीत देतात. काही भाग झाडांच्या बुंध्यापासून चार बोटे अंतर ठेवून मातीवर पसरावा. बुंध्याला चिकटून ठेवला तर साल कुजते, माझा एक कढीपत्ता असाच गेला. उरलेला पाला कोरडा असताना गोणपाटाच्या पोत्यांत दाबून भरून आडोशाला ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे कंपोस्ट चिखल होऊन वास मारू लागते, तेव्हा प्रत्येक थरावर घालायला कोरडा पाला कुठेही मिळत नाही. चार माणसांच्या घराला मला अशी पाच-सहा पोती पावसाळाभर लागतात.