न्यूयॉर्कच्या लीमन कॉलेजमधली छोटी सरकारी हायस्कूल स्टायव्हसंटच्या वर लावावी का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून येऊन जॅक्सन हाइट्सला स्थिरावलात, मुलगी आठवीत आहे आणि एसएचएसएटी या न्यूयॉर्कच्या निवडक सरकारी हायस्कूलांच्या प्रवेश परीक्षेच्या अर्जात शाळांचा क्रम भरायचाय. लीमन कॉलेजच्या आवारातली हायस्कूल ऑफ अमेरिकन स्टडीज (पुढे तिला नुसतं ‘लीमन’ म्हणते) पहिली लावायची असं मुलगी म्हणते, कारण तिला इतिहास आवडतो. ओळखीचे लोक म्हणतात, स्टायव्हसंटसारखी नावाजलेली शाळा सोडून असं कोणी करतं का? माझी मुलगी याच शाळेत शिकली, म्हणून लिहिते. इतिहासाची ओढ खरी असेल आणि रोजचा प्रवास झेपणार असेल, तर बेलाशक पहिली लावा.

आधी अर्जाचं बघू, कारण आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ तिथे होतो. या परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या आठ शाळा आहेत. गुणांनुसार सगळ्या मुलांची एकच यादी लागते. वरून एकेकाचा नंबर येतो आणि त्याने लिहिलेल्या क्रमातली जी पहिली शाळा तोवर भरलेली नसेल, ती त्याला मिळते. बस, एवढंच. त्यामुळे लीमन पहिली लावली म्हणून तिथे वेगळा फायदा नाही, आणि ती न मिळाल्यास दुसऱ्या नंबरच्या स्टायव्हसंटची संधी कमी होते असंही नाही. डावपेच लढवायला इथे जागाच नाही. जी शाळा मनापासून हवी ती वर लिहायची, आणि जिथे पाठवायचंच नाही ती लिहायचीच नाही.

कटऑफचंही तेच. अकरावीच्या प्रवेशात फर्ग्युसनचा कटऑफ बघून कॉलेज ठरवायची आपल्याला सवय असते. पण कटऑफ म्हणजे मागणी किती आणि जागा किती, याचा हिशेब. स्टायव्हसंटला तीन हजारांवर मुलं आहेत, ब्रुकलिन टेक या आठांतल्याच दुसऱ्या शाळेला त्याच्या दुपटीच्या आसपास. लीमनमध्ये चारही इयत्ता मिळून चारशेच्या घरात. कटऑफचा आकडा तुमच्या मुलीला तिथे काय शिकायला मिळेल ते सांगत नाही.

ही शाळा 2002 साली सुरू झाली. त्याच वर्षी हार्लेममध्ये सिटी कॉलेजच्या आवारात गणित-विज्ञान-इंजिनिअरिंगची आणि क्वीन्समध्ये यॉर्क कॉलेजपाशी विज्ञानाची, अशा आणखी दोन छोट्या शाळा निघाल्या. आपल्याकडच्या ज्युनियर कॉलेजची कल्पना मात्र डोक्यातून काढून टाका. आपल्याकडे दहावी झाली की मूल एकदम कॉलेजचं होतं, गणवेश सुटतो आणि हजेरीही बऱ्याचदा सुटते. इथे शाळा ही शाळाच राहते. तिची इमारत, शिक्षक, प्रिन्सिपल आणि तासांचं वेळापत्रक वेगळं असतं. ती शहराच्या शिक्षण खात्याची आहे, फी नाही. कॉलेज शेजारी असतं, आणि जसजसं मूल मोठं होतं तसतसं त्याचा उपयोग वाढतो. वरच्या वर्गांतल्या मुलांना लीमन कॉलेजचे काही कोर्स फी न भरता घेता येतात. त्यांचे क्रेडिट सिटी युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे लीमन कॉलेज ज्यात मोडतं त्या शहराच्या विद्यापीठाच्या, कॉलेजांत सहसा चालतात. खाजगी विद्यापीठं मात्र ते धरायचे की नाही हे आपापल्या नियमांनी ठरवतात, तेव्हा त्यावर एक वर्ष वाचेल असा हिशेब आत्ताच मांडू नका.

मला सगळ्यात मोलाची वाटली ती कॉलेजची लायब्ररी. पंधरा वर्षांची मुलगी, आजूबाजूला बसलेली माणसं कुणी दिवसभर काम करून आलेली, कुणी दोन मुलांची आई, आणि सगळे मान खाली घालून वाचतायत. लीमन कॉलेजला असेच विद्यार्थी खूप आहेत. कॉलेज म्हणजे काय हे माझ्या मुलीला कुठल्या माहितीपत्रकातून समजावून सांगावं लागलं नाही. आवारालाही इतिहास आहे. हे पूर्वी हंटर कॉलेजचं ब्राँक्समधलं आवार होतं, आणि 1946 साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या बैठका इथल्या जिमच्या इमारतीत भरत होत्या. लीमन हे स्वतंत्र कॉलेज झालं ते 1968 मध्ये.

आता अभ्यास. अमेरिकेचा इतिहास इथे एका वर्षात उरकत नाहीत, तीन वर्षं क्रमाने शिकवतात, आणि मूळ कागदपत्रं वाचून शिकवतात. एक गृहपाठ मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. जेवणाच्या टेबलावर दोन झेरॉक्स शेजारी शेजारी: एक 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, दुसरं फ्रेडरिक डग्लस यांचं 5 जुलै 1852 चं रॉचेस्टरमधलं भाषण. डग्लस स्वतः गुलामीतून निसटलेले. प्रश्न असा होता की ते आधी एवढा वेळ जाहीरनामा लिहिणाऱ्यांचं कौतुक का करतात. मुलीने पानभर उत्तर लिहिलं. ते परत आलं तेव्हा तिच्या तीन वाक्यांपुढे समासात पेन्सिलीने एकच गोष्ट लिहिलेली होती: हे कोणत्या ओळीवरून म्हणतेस? तिने ते सगळं पुन्हा लिहिलं.

त्याच आठवड्यात मी तिला सांगितलं की जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिलं, आणि अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. तिचा विश्वासच बसेना. अर्पणपत्रिका मी वाचून दाखवली, तिने तिचं इंग्रजी करून वर्गात नेलं, आणि शिक्षकांनी त्यावर बोलायला तिला वेळ दिला. पुण्यातल्या एका माणसाचं लक्ष तेव्हा अमेरिकेकडे होतं, हे त्या वर्गाला नवीन होतं. तुमच्या मुलीजवळही सांगण्यासारखं असं पुष्कळ असेल.

एक खंत आहे, तीही लिहिते. शाळा ब्राँक्समध्ये आहे. आजूबाजूला लॅटिनो आणि कृष्णवर्णीय वस्ती मोठी, पण या आठही शाळांत त्या मुलांचं प्रमाण फार कमी. 2019 मध्ये स्टायव्हसंटने प्रवेश देऊ केलेल्या 895 मुलांत कृष्णवर्णीय फक्त सात होती. परीक्षेला फी नाही, पण तिच्या तयारीच्या क्लासेसना भरपूर पैसे पडतात, आणि आपल्यासारखी घरं ते भरतात. गुलामीचा इतिहास इतका मन लावून शिकवणाऱ्या शाळेत हे चित्र असावं, याचं मला आजही वाईट वाटतं. घरी याविषयी मुलीशी बोला.

शाळा छोटी म्हणून वर्गात मुलं कमी, असं समजू नका. सरकारी शाळा आहे, वर्ग भरलेले असतात. छोटेपणाचा फायदा वेगळाच: सगळे शिक्षक मुलाला नावाने ओळखतात, आणि कॉलेजसाठी शिफारसपत्र लिहिणाऱ्याला ते मूल खरोखर माहीत असतं. तोटाही आहे. विषयांची निवड कमी, क्लब कमी, आणि मैत्रिणींशी बिनसलं तर तोंड लपवायला जागा नाही. जिला कॅल्क्युलसच्या पुढचं गणित शाळेतच हवंय किंवा रोबोटिक्सचा ध्यास आहे, तिने स्टायव्हसंट किंवा आठांतली ब्राँक्स सायन्सच वर लावावी. ब्राँक्स सायन्स तर लीमनच्या अगदी शेजारीच आहे, तेव्हा एकाच फेरीत दोन्ही परिसर बघता येतील.

प्रवासाचा मात्र नीट विचार करा. जॅक्सन हाइट्सहून ई ट्रेनने सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यू, तिथे डी पकडून बेडफर्ड पार्क बुलेव्हार्ड, मग चालत कॉलेजचं आवार ओलांडून गोल्डन अ‍ॅव्हेन्यू. एका वेळचा तासाहून जास्तच धरा. शाळेकडून मुलांना प्रवासाचं कार्ड मिळतं, त्यामुळे तिकिटाची चिंता नाही. चिंता झोपेची आहे. एकदा कामाच्या दिवशी सकाळच्या गर्दीत मुलीला घेऊन जाऊन बघा, रविवारी नको. यॉर्कची शाळा तुम्हाला त्या मानाने सोपी, तीच ई ट्रेन सरळ जमैकाला नेते. पण तिथला भर विज्ञानावर आहे. निव्वळ जवळ म्हणून ती लीमनच्या वर लावू नका. मुलीला विज्ञानही आवडत असेल तर ती तिसरी ठेवा: लीमन, स्टायव्हसंट, मग यॉर्क.

परीक्षेत इंग्रजीचे 57 आणि गणिताचे 57 प्रश्न असतात, वेळ तीन तास. चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नको असं तिला बजावून ठेवा. ओपन हाऊसला, म्हणजे शाळा बघायला बोलावतात त्या दिवशी, गेलात की लीमन कॉलेजचे कोणते कोर्स सध्या मुलांना मिळतात आणि कितवीपासून, हे नेमकं विचारा, आणि ते तुम्ही नका विचारू, तिलाच विचारू द्या.