वाचकांचे प्रश्न : सिग्नल्समधल्या फोरमनचे काम नेमके काय असते?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ भूदलाच्या सिग्नल्स कोअरमध्ये हवालदार आहे. ‘फोरमन ऑफ सिग्नल्स’च्या प्रशिक्षणासाठी त्याची निवड झाली असून तो लवकरच महूला जाईल. आईला वाटते की आता तो रेडिओ दुरुस्त करत बसणार. हे काम नेमके कोणते? – एक वाचक, कराड

उत्तर : प्रथम तुमच्या भावाचे मनःपूर्वक अभिनंदन. आईंचा समज अगदीच चुकीचा नाही, कारण संच बिघडला की त्याची दुरुस्ती कुठे, कोणी आणि किती वेळात करायची हे फोरमनच पाहतो. पण त्याचे खरे काम संच बिघडण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. भूदलाचे संदेशवहन सांभाळणाऱ्या आणि १५ फेब्रुवारी १९११ रोजी स्थापन झालेल्या या कोअरमध्ये ज्येष्ठ पर्यवेक्षकांची फोरमन आणि येओमन ही दोन पदे ब्रिटिश परंपरेतून आली. ढोबळमानाने सांगायचे तर कोणत्या ठाण्याला कोणती फ्रिक्वेन्सी, कोणते कॉल साइन (रेडिओवर ओळख सांगणारे सांकेतिक नाव) आणि संकेत केव्हा बदलायचे हे येओमन सांभाळतो, तर रेडिओ, रिले, एक्स्चेंज, केबल, जनरेटर आणि बॅटऱ्या ही सगळी यंत्रणा फोरमनच्या हाती असते.

एक उदाहरण घ्या. डोंगराळ भागातले एक ठाणे एचएफ (हाय फ्रिक्वेन्सी, म्हणजे लघुलहरींच्या) रेडिओवर मुख्यालयाशी बोलते आहे. दुपारी स्वच्छ येणारा आवाज सूर्य मावळला की खरखरीत बुडू लागतो. नवखा ऑपरेटर संच उघडायला घेतो, अनुभवी फोरमन आधी घड्याळ पाहतो. उन्हामुळे आयनांबरात, म्हणजे रेडिओलहरी जमिनीकडे परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थरात, निर्माण होणारे विद्युतभारित कण रात्री कमी होतात आणि दिवसा परतून येणारी वरची फ्रिक्वेन्सी तो थर भेदून निघून जाते. म्हणून सांजवेळी खालच्या फ्रिक्वेन्सीवर यावे लागते, तेही दोन्ही टोकांनी एकाच वेळी. फ्रिक्वेन्सीबरोबर अँटेनाही बदलते. ५ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीची तार सुमारे २८.५ मीटर लागते, ३ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ४७.५ मीटर. त्यामुळे रात्रीची तार दिवसाउजेडीच मोजून, जोडून, गुंडाळून तयार असावी लागते. मध्ये डोंगर आडवा असेल, तर हीच तार उंच न चढवता मुद्दाम जमिनीपासून थोड्याच उंचीवर आडवी ताणतात, म्हणजे लहरी जवळजवळ सरळ वर जातात आणि परतताना डोंगरापलीकडच्या दरीत उतरतात. नव्या जवानाला हे उलटेच वाटते, आणि ते त्याला पटवून देणे हेही फोरमनचेच काम.

यंत्रांपेक्षा माणसांची जबाबदारी मला अधिक मोठी वाटते. तुटलेल्या केबलचा शोध घ्यायला मध्यरात्री कोणाला पाठवायचे, कोणाची सलग दुसरी रात्र जागून गेली आहे, थंडीत क्षमता गमावलेल्या बॅटऱ्यांच्या जागी भारित बॅटऱ्या वेळेवर पोहोचतात की नाही, खडकाळ जमिनीत अर्थिंग नीट बसले आहे की नाही, याची उत्तरे कोणत्याही पुस्तिकेत तयार मिळत नाहीत. आणखी एक गोष्ट अवघड असते : अधिकाऱ्यासमोर उभे राहून, ‘सर, ही लिंक पहाटेपर्यंत टिकणार नाही, मी दुसरी तयार ठेवतो,’ असे वेळीच सांगणे. अधिकारी योजनेचा धनी असला, तरी ती प्रत्यक्षात कितपत उतरेल हे त्याला या माणसाकडून कळते, आणि इथे भीड धरली तर त्याची किंमत पुढच्या ठाण्यावरचे जवान मोजतात.

महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगमध्ये यातले तंत्र शिकवतात. (महू हे बाबासाहेबांचे जन्मगाव, त्यांचे वडील रामजी सकपाळ तिथे सैन्यात सुभेदार होते, हे आईंना आवर्जून सांगा.) माणसे सांभाळण्याची जाण मात्र तुकडीतच येते, आणि हवालदारकीच्या वर्षांत तुमच्या भावाने ती बरीचशी मिळवली असणार.

प्रश्न : मोबाइल, उपग्रह आणि ऑप्टिकल फायबर असताना जुना एचएफ रेडिओ आणि तारा शिकण्यात जवानांचा वेळ का घालवतात? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : कारण यांतले कोणतेही एक साधन हमखास चालेल असे नसते. दरड कोसळली की फायबर तुटते, मोबाइलचा टॉवर वीज गेल्यावर फार काळ तग धरत नाही, उपग्रहाच्या लहरींत शत्रू अडथळा आणू शकतो. शिवाय रेडिओवर बोलणाऱ्याची जागा शत्रूला दिशाशोधक यंत्रांनी काढता येते. म्हणून कधी रेडिओ पूर्ण मौन पाळतो आणि साऱ्यांची भिस्त जमिनीवरच्या तारेवर किंवा संदेश घेऊन जाणाऱ्या माणसावर येते. कोणत्या क्षणी कशाचा आधार घ्यायचा, ही निवड ज्याला सगळी साधने हाताने वापरता येतात तोच करू शकतो. तुमच्या गोव्यातल्या टू सिग्नल ट्रेनिंग सेंटरमधून बाहेर पडणाऱ्या जवानांची सुरुवातही याच पायाभूत शिक्षणाने होते.

प्रश्न : मुलगा अकरावी विज्ञान शाखेत आहे. त्याला या क्षेत्रात जायचे असेल तर आत्ता काय करावे? – एक पालक, नांदेड

उत्तर : २०२२ पासून जवानांची भरती अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी होते आणि त्यांतल्या कमाल २५ टक्क्यांना पुढे नियमित सेवेत घेण्याची तरतूद आहे, हे आधी नीट समजून घ्या. तांत्रिक शाखेसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि इंग्रजी हे विषय हवेत. दरम्यान त्याला हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओ संपर्काचा, नाद लावा. दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना काढता येतो, आणि स्वतः ताणलेल्या तारेवर दूरच्या माणसाचा आवाज ऐकला की वर सांगितलेले बरेचसे त्याला आपोआप उमगेल.